वाक्यात वापरून दाखवा

विहीणबाई, आजपासून मी तुम्हाला 'तू' म्हणणार आहे. रागवायचं असेल तर रागवा. देवाला, आईला आणि गेलेल्या माणसाला आपण अहो-जाहो करत नाही, आणि तुम्ही आता त्यांच्या पंगतीत जाऊन बसलात. शिवाय एकदा, भर मांडावर, नाचाच्या अंगणात, चार बायकांदेखत तुम्ही मला 'काय गो' म्हणाला होतात. ते मी विसरलेले नाही.

तर, काय गो सुमती? अशी भांडण अर्धं टाकून कुठे गेलीस?

शास्त्राची गंमत बघ. माझ्या लेकीला तुझं सुतक, नातीला तुझं सुतक, आणि मला काही नाही. विहिणीचं सुतक विहिणीला लागत नाही. भटजींनी सांगितलं, "तुम्ही घरी जाऊन आंघोळ केलीत की झालं." इतकी वर्षं जिच्याशी दर रविवारी फोनवर भांडले ती गेली, आणि माझ्या वाट्याला एक आंघोळ! तुझ्या मांद्र्याहून आमच्या सर्वणला येईपर्यंत मी याच रागात होते. घरी आले, न्हाले, आणि दुसऱ्या दिवशी बांगड्याचं हुमण केलं. भरपूर तिरफळं घालून, तुला लागायचं तसं. तिकडे वैशाली बिचारी मुगाच्या वरणावर दिवस काढत होती आणि इकडे तिची आई बांगड्याचं डोकं चोखत होती. जेवता जेवता डोळ्यांना धार लागली. आमचे हे म्हणाले, "तिखट झालंय काय गो?"

मी म्हटलं, "झालंय."

लोक तुझ्याविषयी चांगलं चांगलं बोलताहेत. पेडण्यातल्या किती पोरांना तू इंग्रजी शिकवलंस, कोण कोण कुठे कुठे पोचलं. त्यांचं त्यांना बोलू दे. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. एका शब्दावरून सुरू झालेलं भांडण. तो शब्द तू मला पहिल्याच भेटीत दिलास, आणि मी मनात ठरवलं, एक दिवस हाच शब्द हिला परत करीन, अगदी योग्य जागी, अगदी योग्य वेळी. जन्मात दुसरी महत्त्वाकांक्षा मी ठेवली नाही.

ती दुपार आठवते? आठवत नसेल तर मी सांगते, मला सांगायला आवडतं. वैशाली आणि प्रसादच्या लग्नाची बोलणी. तुम्ही चार वाजता येणार होतात. डिचोलीच्या नाक्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग असणार म्हणून तू सगळ्यांना तास-दीड तास आधी गाडीत घातलंस. आणि नेमकी त्या दिवशी खाण बंद. रस्ता रिकामा. शिस्तीची माणसं लवकर आली की कसा घात होतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

मी तेव्हा पंचेचाळिशीची. ती पंचेचाळिशीची यमुना आता डोळ्यांसमोर आणली की मला तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. लेकीला बघायला माणसं यायची आहेत, आणि ही बया विड्याची पानं आणायला म्हणून मागच्या कुळागरात, पोफळीच्या बागेत, गेलेली. तिथे शेजारची पोरं खेळत होती. पोफळीची झावळ गळून पडते ना, तिच्या बुडाशी होडीसारखं रुंद, चिवट पान असतं. त्यात एकाने बसायचं, बाकीच्यांनी शेंडा धरून ओढत न्यायचं. कुळागरातल्या पोरांची ही मोटारगाडी. यमुनाबाई म्हणाल्या, "एकच फेरी हां रे." नवी कोरी साडी गुडघ्यापर्यंत खोचली, हातात विड्याची पानं उंच धरली आणि बसल्या झावळीत.

एकीच्या चार फेऱ्या झाल्या. पाचवीला पोरांनी उतार धरला. पाटाच्या कडेने झावळ सुसाट सुटली, मी देवाचं नाव घेऊन किंचाळत आणि हसत खाली आले, आणि थांबले ती तुझ्या पायांशी. वर पाहिलं. इस्त्रीची पांढरी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, उन्हातली काळी छत्री. माझ्या केसांत पाचोळा, गालाला चिखल. विड्याची पानं मात्र शाबूत होती. मी ती तुझ्यापुढे धरली.

तू ती घेतली नाहीस. शेजारी उभ्या असलेल्या तुझ्या भावाला हळूच म्हणालीस, "हाऊ प्युराइल."

माझी शाळा सातवीपर्यंतची. पण कान बीएचे. शब्द मी पदराला गाठ मारावी तसा डोक्यात बांधला. तोंड धुतलं, साडी बदलली, सगळ्यांना कोकमाचं सरबत दिलं, आणि तुझ्यासमोर ट्रे धरून विचारलं, "मघाशी तुम्ही म्हणालात तो प्युराइल. म्हणजे काय हो?"

सोप्यावर बसल्या बसल्या ह्यांनी वर कौलांकडे पाहिलं. आत वैशालीने कपाळावर मारलेला हात मला ऐकू आला. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, अहो काही नाही, मी भावाशी दुसरंच बोलत होते. पण तू टीचर. शब्दाचा अर्थ विचारला आणि टीचर खोटं बोलली असं व्हायचं नाही.

"विशेषण आहे," तू म्हणालीस.

"कशाचं?"

"वागण्याचं. मोठ्या माणसानं लहान पोरासारखं केलं की म्हणतात. पोरकट."

शाळेतलं मला दुसरं काही आठवत नव्हतं, पण आमच्या मास्तरांचं एक वाक्य आठवत होतं. तेच मी म्हटलं. "वाक्यात वापरून दाखवा."

तू चष्मा काढलास, पदराने पुसलास, परत घातलास. आणि म्हणालीस, "वाक्य मघाशी कुळागरात वापरून झालं."

तुझ्या भावाच्या नाकातून सरबत आलं. पहिला तो हसला, मग हे हसले, मग दाराआडून वैशाली. तू हसली नाहीस. पण सरबताचा दुसरा पेला मागून घेतलास. लग्न ठरलं ते त्या पेल्यावर, पत्रिकेचं मला कुणी सांगू नये.

पुढचं वर्षभर मी त्या शब्दाला एक दिवस विसावा दिला नाही. नवीन बांगड्या घातलेली मुलगी जशी सारखा हात हलवते, तशी मी सारखी तो शब्द हलवत होते. सकाळी पोदेर सायकलवर पाव घेऊन यायचा आणि भोंग्यावर कसली तरी चाल वाजवायचा. मी दारातून ओरडले, "हाऊ प्युराइल!" त्याला वाटलं मी कसला तरी पाव मागतेय; तो सायकल थांबवून टोपली चाचपू लागला. म्हणाला, "ना गे बाये, तो आयज हाडूंक ना. उंडे आसात, पोयो आसात."

रविवारी फोनवर तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "चूक. तो भोंगा वाजवतो ते त्याचं काम. कामात पोरकट काय?"

मग हे जेवणावरून रुसून बसले तेव्हा वापरला. तू म्हणालीस, "ते रुसणं. त्याला वेगळा शब्द." डिचोलीच्या बाजारातून ट्रकवाले शर्यत लावून गेले तेव्हा वापरला. "तो बेदरकारपणा. त्यात माणूस मरतो. पोरकटपणात कुणी मरत नाही, यमुनाबाई." शेजारच्या रांगणाऱ्या नातवाला म्हटलं, तर तू जवळजवळ फोन आपटलास. "लहान मूल पोरकट नसतं! ते पोरच आहे!" शेवटी गावातल्या सत्कारात दोन पुढारी फोटोत मधे कुणी उभं राहायचं यावरून एकमेकांना कोपरं मारताना दिसले, ते तुला सांगितलं, तेव्हा पलीकडून आलं, "बरोबर. शंभरात साठ." मी त्या दिवशी घरात शिरा केला.

"साठच का?"

"कारण तुम्ही हे हसत सांगता. त्या शब्दात तुच्छता असते. नाक वर करून म्हणायचा शब्द आहे तो. प्रेमानं म्हणायचं असेल तर दुसरा आहे, चाइल्डलाइक. निरागस."

"मी नाही निरागस," मी म्हटलं. "निरागस माणसाला कळत नसतं तो काय करतोय. मला सगळं कळतं. मी मुद्दाम करते."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आणि शब्दात माया आहे की नाही हे शब्दाला काय विचारता? तोंडाला विचारा. आमच्याकडे आई लेकराला 'मेल्या, जेवायला ये' म्हणते. तो मेला काय? जेवतो की."

"इंग्रजीत तसं चालत नाही."

"मग जो मुद्दाम पोरकटपणा करतो आणि ज्याच्यावर आपली माया आहे, त्याला काय म्हणायचं? द्या शब्द."

"बघून सांगते," तू म्हणालीस.

सुमती, मग किती पावसाळे गेले गो. आपली नात सई जन्मली, शाळेत गेली. तू निवृत्त झालीस, मांद्र्याच्या घराच्या दोन खोल्या परदेशी पाहुण्यांना देऊ लागलीस. मी दर रविवारी विचारायची, "सापडला?" तू म्हणायचीस, "बघतेय." एवढ्या मोठ्या भाषेत एक शब्द सापडू नये!

आणि दर पौषात मी तुला धालोला बोलवायची. आमच्या गावाचा मांड, तुळशीपुढचं सारवलेलं अंगण, तिथे बाप्याने पाऊल टाकायचं नाही. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेला हात, गाणी म्हणत पुढे यायचं, वाकायचं, मागे जायचं. शेवटच्या दिवशी ऊन असतानाच सोंगं. कुणी शिकारी होते, कुणी वाघ, कुणी दारू प्यालेला नवरा. साठीच्या बायका मातीत लोळतात. तू दर वर्षी एकच उत्तर द्यायचीस. "मला नाही जमायचं. पोरकट असतं ते सगळं." मी मनात म्हणायची, टीचर ती टीचर. हिला खडूशिवाय कशात हात घालायचा नाही.

किती शहाणी होते मी!

मग ती मांद्र्याची संध्याकाळ. आपण दोघी तुझ्या पडवीत. समोर वाळूत तुझा एक पाहुणा, चांगला साठीचा, पांढऱ्या दाढीचा, लाट आली की ओरडत मागे पळत होता, लाट गेली की तिच्या मागे. मी म्हटलं, "हे घ्या. हा पोरकट नाही?" तू म्हणालीस, "तो सुट्टीवर आहे." आणि मग, त्याच्या पळण्याच्या ठेक्यावर तू गुणगुणायला लागलीस. तुला कळलंही नसेल. धालोचं गाणं होतं. पहिल्या ओळीपासून, सगळी कडवी, मधली वळणं, आमच्या मांडावरच्या शेवंतीबाईलासुद्धा न येणारी.

"हे तुम्हाला कसं येतं?"

तू लाटेकडे बघत म्हणालीस, "मीच सुरुवात धरायची. आमच्या वाड्यावरच्या मांडावर. लग्नाआधीही, लग्नानंतरही."

आणि मग सांगितलंस. प्रसाद पाळण्यात, नवरा गेलेला, पहिलं वर्ष उलटलं. पौष आला. तू आपली नेहमीसारखी निघालीस. वाटेत एका मायाळू म्हातारीने तुझ्या गालावरून हात फिरवून सांगितलं, "बाये, आता तू मांडार येव नको गो." रागाने नाही सांगितलं, मायेनेच सांगितलं. तू घरी आलीस, प्रसादला झोपवलंस आणि इंग्रजीची पुस्तकं उघडलीस. बीएड केलंस, नोकरी धरलीस.

"जिथं आपल्याला घेत नाहीत ना यमुनाबाई," तू म्हणालीस, "त्याला पोरकट म्हटलं की जरा कमी दुखतं."

पाहुणा लाटेत आपटला आणि खदखदून हसला, तेव्हा कुठे आपण दोघींनी मान वळवली.

सर्वणला आल्याबरोबर मी शेवंतीबाईकडे गेले. मांडाची सगळ्यांत थोरली बाई, ऐंशी पार केलेली, तिच्या शब्दाशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. भीतभीत तुझ्याविषयी विचारलं. ती सुपारी कातरत होती. अडकित्ता न थांबवता म्हणाली, "मांड भुंयचो. भूंय कोणाक विचारता काय गो, तुजो घोव जितो आसा काय ना म्हूण?" मांड भूमीचा, आणि भूमी कुणाला विचारते का, तुझा नवरा जिवंत आहे की नाही? मग अडकित्ता थांबला. "पुण तिका गाणीं येतात मगो? ना तर फुकट गर्दी."

तुला मी फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "गाणी येणाऱ्या बाया कमी पडताहेत. परीक्षक म्हणून या." परीक्षक म्हटल्यावर तू आलीस. पहिल्या संध्याकाळी मांडाच्या कडेला चप्पल काढून उभी राहिलीस, ती उभीच. पाय उचलेना. सारवलेल्या अंगणाच्या त्या कडेकडे तू अशी बघत होतीस, जशी पोरं पाण्यात उतरण्याआधी बघतात. समोरून शेवंतीबाई ओरडली, "गे टीचर, हांगा कोण तुजी हजेरी घेवपाचो ना! भितर यो!"

आणि तू आलीस. माझ्या समोरच्या रांगेत उभी राहिलीस, दोन्हीकडच्या बायकांच्या कमरेत हात घातलेस आणि सुरुवात धरलीस. तुझा आवाज असा आहे हे मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. रांगा पुढे आल्या, आपण दोघी एकमेकींसमोर वाकलो. वर उठताना तू डोळे मिचकावलेस. काय गो, मला वाटलं, तुझ्या डोळ्यात काही गेलं.

शेवटच्या दिवशी तू दुपारपासून गायब. मी वैशालीला विचारलं, तिने ओठ आत ओढून मान हलवली. सोंगं सुरू झाली. वाघ झाला, शिकारी झाला. एवढ्यात मांडाच्या मागून आरडाओरडा. बघते तर चार बायका पोफळीची झावळ ओढत आणताहेत, आणि झावळीत तू! सत्तरीची, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, केसांत मुद्दाम खोवलेला पाचोळा, गालाला चिखल, हातात विड्याची पानं उंच धरलेली. आणि हसणं माझं! ते माझं घोडीसारखं खिंकाळणारं हसणं तू हुबेहूब उचललं होतंस. बायका जमिनीवर लोळल्या. शेवंतीबाईची कवळी निसटली. झावळ बरोबर माझ्या पायांशी येऊन थांबली. तू मान वर केलीस, पानं माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, "काय गो यमुने?"

ज्या क्षणासाठी मी इतकी वर्षं जगले तो असा पायांशी येऊन बसला होता. मी कमरेवर हात ठेवले. नाक वर केलं, अगदी तुझ्यासारखं. आणि म्हटलं, "हाऊ प्युराइल!"

पण आवाज कुठे राहिला जागेवर? शेवटी तो फुटलाच.

तू झावळीत बसल्या बसल्या न्याय दिलास. "वाक्य बरोबर. जागा बरोबर. सूर चुकला. तुच्छता कुठे आहे?"

"नाहीच आहे तर कुठून आणू?"

"मग नव्वद."

विड्याची पानं मी घेतली. त्यानंतर दर पौषात तू आलीस, वाद मात्र तसाच राहिला. तू म्हणायचीस, मायेनं म्हटलेला तो एकटा अपवाद. अपवादावर नियम बदलत नाही.

दिवाळीनंतर तुला भेटायला आले तेव्हा तू जनेलाशी खाटेवर पडून बाहेर बघत होतीस. डॉक्टरांनी फार बोलायला मना केलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही बोलू नका, मी बोलते, मला कुणी मना केलेलं नाही." बराच वेळ बडबडले. मग विचारलं, "तो शब्द. सापडला?"

तू बोटाने खुणावलंस, जवळ ये. मी कान तोंडापाशी नेला. तू माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलंस. वैशाली पाठमोरी, बाटलीतलं औषध कुलेरात मापून ओतत होती. तू तिच्याकडे एकदा बघून घेतलंस आणि मला जीभ काढून दाखवलीस. औषधाने गुलाबी झालेली, लांबलचक जीभ. वर नाकही वाकडं केलंस.

मी फस्सकन हसले. वैशाली वळली. "काय झालं?"

"कुठे काय?" तू म्हणालीस. टीचरचा तो चेहरा! त्या चेहऱ्याला मी शंभरात शंभर दिले असते.

त्यानंतर तुला पाहिलं ते बाहेरच्या खोलीत, जमिनीवर, फुलांत. तुझे विद्यार्थी रांगेने येत होते, डोकं टेकवत होते. इस्त्रीची पांढरी साडी, तोच शिस्तीचा चेहरा. माझी पाळी आली. सगळे बघत होते, विहीण आता टाहो फोडणार म्हणून. मी गुडघे टेकले, तुझ्यावर वाकले, पदर दोन्ही बाजूंनी पुढे ओढून घेतला, आणि पदराच्या आत तुला जीभ दाखवली. होती तेवढी सगळी. आता तू काय करणार होतीस?

उठताना पाहिलं तर पलीकडे सई बसलेली, तुझ्या उशाशी. पदर तिच्या बाजूने जरा कमी पडला होता. तिने पाहिलं होतं. रडून रडून नाक लाल झालेली, कॉलेजात जाणारी, आपल्या दोघींची एकुलती एक नात. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तुझ्या अंगावरून पुढे झुकून तिने माझ्या गालावरचं पाणी तळव्याने पुसलं आणि कानात म्हणाली, "आजी. हाऊ प्युराइल."

सुमती, तू तिथेच होतीस. दोघींच्या मधोमध. सूर ऐकलास ना?

आता सांग, किती देतेस तिला?